नृत्यविद्यार्थिनीचे बल आणि उत्साह : वैद्यांनी विचारात घ्यावा असा विषय

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत सायंकाळच्या वेळी तत्काराचा अथवा तट्टुकळीचा आवाज कानी पडत नाही असा भाग आता विरळाच. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ची स्थापना केली त्या काळी मध्यमवर्गीय घरातील मुलीने नृत्य शिकणे हा चर्चेचा विषय होता. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंतच्या परीक्षा देणाऱ्या मुली घरोघरी आहेत. काही मुलगेही आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. मात्र या मुली आपल्या चिकित्सालयात येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी पुरेशी तयार नाही, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

या मुली दोन प्रकारच्या तक्रारी घेऊन येतात. पहिली शरीराची : टाच दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, गुडघ्यात कटकट वाजते, नडगीवर बोट ठेवले तरी कळ येते. दुसरी तक्रार सहसा आई सांगते : “पूर्वी क्लासला धावत जायची, आता रोज काहीतरी निमित्त काढते. मन लागत नाही म्हणते.” पहिल्या तक्रारीसाठी आपण तेल आणि गुग्गुळ देतो. दुसरीसाठी उपदेश करतो, किंवा ती आपल्या कक्षेतली नाही असे मानून सोडून देतो. या दोन तक्रारी बहुधा एकाच व्याधीच्या दोन बाजू असतात आणि शास्त्राने त्या कधीच वेगळ्या केलेल्या नाहीत, हे आम्हांला येथे मांडावयाचे आहे.

उत्साह हे वायूचे कर्म

चरकाचार्यांनी प्राकृत वायूची कर्मे सांगताना आरंभ कशाने केला आहे, याचे स्मरण करावे. उत्साह, उच्छ्वास, निःश्वास आणि चेष्टा ही कर्मे त्यांनी एका ओळीत सांगितली. नर्तिकेच्या संदर्भात याचा अर्थ स्पष्ट आहे. जो वायू तिचे पाऊल उचलतो, जो तिचा श्वास चालवतो, तोच तिला नृत्यवर्गाकडे जाण्याची इच्छाही देतो. वाग्भटांनी प्रयत्न, ऊर्जा आणि बल ही उदानाची कर्मे म्हणून एकत्र सांगितली, त्यामागेही हीच दृष्टी आहे.

आता वायूच्या ऐंशी नानात्मज विकारांची यादी पाहावी. तिच्या आरंभी पादशूल, पादभ्रंश, पादसुप्तता, गुल्फग्रह, पिंडिकोद्वेष्टन, गृध्रसी, जानुभेद असे पायापासून वर चढत जाणारे विकार आहेत. शेवटाकडे श्रम, भ्रम, विषाद, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व आहेत. तळपायाच्या शूलापासून मनाच्या विषादापर्यंतचा हा प्रवास एकाच दोषाचा आहे. अतिश्रमाने, रूक्ष व अल्प आहाराने आणि जागरणाने वायू वाढला की काही मुलींचे पाय आधी बोलतात, काहींचे मन आधी बोलते. ज्या मुलीचे मन आधी बोलते तिला आपण आळशी ठरवतो. तिच्या गुरूंना निष्ठा कमी पडलेली दिसते, आईवडिलांना भरलेल्या शुल्काची आठवण होते, आणि मुलगी स्वतःलाच दोष देऊ लागते. अशा वेळी वैद्याने तरी तिची बाजू घेतली पाहिजे. ती बाजू सहानुभूतीपोटी घ्यावयाची नसून विषाद हे लक्षण आहे म्हणून घ्यावयाची आहे.

श्रमाचे गणित

नृत्यातील श्रमाची आपणांस नीट कल्पना असतेच असे नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा सेकंदाला एक या लयीत धरल्या, तर ठायीत मिनिटाला साठ पदाघात होतात. दुगुनीत ते एकशेवीस होतात आणि चौगुनीत दोनशेचाळीस. दहा मिनिटांच्या चौगुनीत ही संख्या दोन हजार चारशेवर जाते. यांतील प्रत्येक आघात अनवाणी पायाचा, घोट्यावर शंभर-दीडशे घुंगरांचे ओझे घेऊन केलेला, आणि बहुधा सिमेंटच्या स्लॅबवर बसवलेल्या फरशीवरचा असतो. लाकडी जमीन फार थोड्या वर्गांना परवडते. भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीला आघाताबरोबरच अरैमंडीत गुडघे वाकवून दीर्घकाळ राहावे लागते. पाऊल विषम पडल्याने अथवा श्रमाने घोट्याच्या आश्रयाने होणारी वेदना ‘वातकंटक’ म्हणून ग्रंथांत आली आहे. नृत्यवर्गाइतकी तिची उदाहरणे दुसरीकडे क्वचितच एकत्र पाहावयास मिळतील.

या श्रमाच्या भोवती मुलीचा दिवस कसा असतो? सकाळी सातची शाळा, दुपारी शिकवणी, सायंकाळी सहा ते आठ नृत्यवर्ग आणि रात्री साडेनऊला जेवण. पुढे गृहपाठ बारापर्यंत चालतो. दुपारचा डबा अर्धा परत आलेला असतो. वर्गाला जाताना वाटेत एखादा वडापाव. वजन वाढले तर रंगमंचावर शोभणार नाही, या भीतीने रात्रीचा भातही काही मुली सोडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्ताल्पता आढळली. आपल्यासमोरची नृत्यविद्यार्थिनी याच समाजातून येते. रसधातूच तोकडा असताना तिने चौगुन नाचावी आणि शिवाय प्रसन्नही दिसावे, ही आपली अपेक्षा आहे.

आधुनिक क्रीडावैद्यकालाही हे चित्र आता परिचित झाले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधील सापेक्ष ऊर्जान्यूनतेची संकल्पना मांडली आणि २०२३ साली तिचे सुधारित निवेदन प्रसिद्ध केले. खर्चाच्या मानाने आहार अपुरा पडला की मासिक पाळी बिघडते, अस्थी दुर्बल होतात, व्याधिक्षमत्व घटते आणि मनही खचते, असे त्याचे सार आहे. ही अवस्था मुलग्यांतही होते, हे त्यांनी आवर्जून सांगितले. रस क्षीण झाला की त्याचा उपधातू आर्तव बिघडतो आणि पुढील धातूंची परंपरा कुंठित होते, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. रुग्णासमोर बसल्यावर ते आठवले पाहिजे, इतकेच.

अर्धशक्तीचा आक्षेप

येथे नृत्यगुरू आणि आपले काही सहकारीही एक आक्षेप घेतात, आणि तो विचारार्ह आहे. अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे शास्त्र सांगते. अर्ध्या शक्तीने कोणी कलावंत झाला आहे काय? चाळीस दिवसांच्या ‘चिल्ल्या’च्या कथा सांगितल्या जातात. पाय सुजेपर्यंत केलेल्या रियाझाचे गोडवे गायले जातात.

यावर आमचे उत्तर असे. पहिले म्हणजे, अर्धशक्ती ही स्थिर संख्या नाही. चरकाचार्यांनी सहज, कालज आणि युक्तिकृत असे बलाचे तीन प्रकार सांगितले. आहार आणि चेष्टा यांच्या योग्य योजनेने बल वाढते आणि बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. आज जिला पाच मिनिटांच्या दुगुनीत धाप लागते, तिचे अर्ध सहा महिन्यांनी दहा मिनिटांवर जाऊ शकते. रोजच्या रियाझात अर्ध्यावर थांबणारी मुलगी कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण शक्ती खर्च करू शकते, कारण तिच्याजवळ ती शिल्लक असते. रोज पूर्ण खर्च करणाऱ्या मुलीला रंगमंचावर मुद्दलातूनच काढावे लागते. आपल्या शक्तीबाहेरचे साहस करणाऱ्यास चरकांनी हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह दुर्बल नसतो, हे त्या उपमेतील मर्म होय.

दुसरे म्हणजे, खुद्द नाट्यशास्त्राची साक्ष आपल्या बाजूची आहे. चारीविधानाच्या प्रकरणात भरतमुनींनी प्रयोगासाठी करावयाच्या व्यायामाचा विधी दिला आहे. अंगाला तेल अथवा यवागू चोळून व्यायाम करावा, नस्य-बस्तींनी शरीर शुद्ध ठेवावे, स्निग्ध आहार घ्यावा असे तेथे सांगितले आहे. प्राण आहारावर अवलंबून आणि अभ्यास प्राणावर अवलंबून, म्हणून आहाराविषयी दक्ष असावे, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. शरीर शुद्ध नसताना, फार थकलेले असताना, भूक-तहान लागलेली असताना, किंवा पोट तुडुंब भरलेले असताना व्यायाम करू नये, असा निषेधही आहे. रियाझाच्या कथांत तास मोजले जातात. खुराक, मर्दन आणि झोप यांचा उल्लेख मागे पडतो. भरतमुनींनी तो मागे पाडलेला नाही.

तिसरा मुद्दा वयाचा. वाग्भटांनी वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला. सहा-सात वर्षांच्या मुलीला नृत्यापासून दूर ठेवावे असा अर्थ आम्ही काढत नाही. त्या वयात नृत्य हे खेळाच्या मर्यादेत असावे. घुंगरांची संख्या आणि वर्गाचा वेळ हळूहळू वाढावा, इतका बोध घ्यावा.

अर्धशक्ती ओळखावी कशी?

आपल्या रुग्णपत्रिकेत दशविध परीक्षेचे रकाने असतात. व्यायामशक्ती : मध्यम. सत्त्व : मध्यम. आहारशक्ती : मध्यम. हे तीन शब्द आपण परीक्षा न करताच लिहितो, हे मान्य करावयास हवे. चरकांनी बलाचे अनुमान व्यायामशक्तीवरून करावयास सांगितले आहे. मग नृत्यविद्यार्थिनीला चिकित्सालयातच तत्कार करावयास का सांगू नये? सुश्रुतांनी बलार्धाची खूण दिली आहे : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजेच तोंडाने श्वास सुरू होणे. टीकाकारांनी कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे आणि तोंड कोरडे पडणे ही लक्षणेही सांगितली आहेत. घड्याळ लावून दुगुन करावयास सांगावी आणि ही खूण कितव्या मिनिटाला येते ते लिहून ठेवावे. दर महिन्याला पुन्हा पाहावे. एवढ्याने ‘मध्यम’ या शब्दाला काही अर्थ येईल.

कथकमध्ये तर ही परीक्षा परंपरेनेच दिलेली आहे. तुकडा अथवा परण नाचण्यापूर्वी तिची पढंत करतात. रियाझात क्रम उलटा करून पाहावा : नाचून झाल्याबरोबर तोच तुकडा न अडखळता, हातावर ताल धरून म्हणता आला, तर मुलगी मर्यादेत आहे. बोल मध्येच तुटले तर विश्रांतीची वेळ झाली. भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीने अडवूचे बोल म्हणून हेच पाहावे. यास कोणतेही यंत्र लागत नाही आणि मुलगी स्वतःच स्वतःची परीक्षक होते.

सत्त्ववान रुग्णाचा धोका

प्रवर सत्त्वाची व्यक्ती मोठी पीडाही फारशी व्यथा न दाखवता सहन करते, असे विमानस्थानात आले आहे. नृत्यात टिकून राहणाऱ्या मुली बहुतांशी याच वर्गातल्या असतात. “थोडंसंच दुखतंय” असे ती म्हणते, तेव्हा ते थोडे नसण्याची शक्यता गृहीत धरावी. चरकांनी वीर्याचे अनुमान कार्यारंभाच्या तत्परतेवरून आणि धैर्याचे अनुमान विषादाच्या अभावावरून करण्यास सांगितले आहे. वेदना शब्दांनी लपवता येते, या दोन गोष्टी फार काळ लपत नाहीत. म्हणून “कुठे दुखते?” याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : वर्गाला निघताना पूर्वीइतकी लगबग असते का? रियाझ संपल्यावर बरे वाटते की रडू येते? सकाळी उठल्यावर थकवा गेलेला असतो का? पाळीविषयी आईसमोर मोकळेपणाने बोलता येत नसेल तर स्त्रीवैद्याने एकांतात विचारावे.

काही लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये. पाळी सलग तीन महिने न येणे, नडगीच्या अथवा पावलाच्या हाडावर एकाच बिंदूत तीव्र स्पर्शासहत्व असणे, रात्री विश्रांतीतही वेदना राहणे, वजन सतत घटणे अथवा नृत्य करताना भोवळ येणे, ही ती लक्षणे होत. अशा वेळी रक्ततपासणी करवून घ्यावी आणि अस्थितज्ज्ञ अथवा स्त्रीरोगतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही. “एक्स-रे नॉर्मल आहे, मालिश करा” असे म्हणून अशा मुलीला पुन्हा नाचावयास पाठवणे ही मोठी हानी ठरू शकते. वेदना मावळली म्हणजे अस्थी सांधली असे नव्हे, हे गुग्गुळकल्प लिहिताना ध्यानी असावे.

ऋतू, आहार आणि पाय

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, हा नियम सर्वांना पाठ आहे. आपल्याकडील नृत्याचे वर्ष मात्र नेमके उलटे चालते. एप्रिल-मे महिन्यांत, आदानकाळाच्या शेवटी, पत्र्याच्या छताखाली दिवसाला पाच-सहा तासांची शिबिरे होतात. आषाढात, जेव्हा अग्नी व बल दोन्ही मंद असतात, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांची तयारी सुरू असते. नवरात्रात उपवास आणि कार्यक्रम एकत्र येतात. सुट्या आणि उत्सव आपल्या हाती नाहीत. परंतु शिबिर सकाळच्या प्रहरी घेणे, दुपारी पढंत, अभिनय व ग्रंथवाचन ठेवणे, आणि कठोर रियाझाचा भार मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात उचलणे गुरूंच्या हाती निश्चित आहे.

आहाराविषयी चरकांचे श्रमहर दशक पाहावे : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव आणि षष्टिक. नाशिकची द्राक्षे, सोलापूरचे डाळिंब, पुरंदरचे अंजीर, चारोळी, बोरे, फालसा, ऊस, जव आणि साठेसाळीचा भात. महाराष्ट्राच्या बाजारात हे बहुतेक सर्व मिळते. वर्गापूर्वी तासभर दोन-चार खजूर व भिजवलेल्या मनुका, वर्गानंतर उशीर न करता वरण-भात-तूप, हे शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. अश्वगंधा, शतावरी, बला यांचे स्थान आम्ही नाकारत नाही. अग्नी पाहून ती जरूर द्यावीत. मात्र अर्धा डबा परत आणणाऱ्या मुलीला अश्वगंधेची गोळी देणे म्हणजे चुलीत लाकूड न घालता फुंकर मारत बसणे होय.

पादाभ्यंगाची फलश्रुती तर जणू नर्तिकेसाठीच लिहिली गेली. पायांचा खरखरीतपणा, जखडणे, रूक्षता, श्रम व सुप्ती यांचा नाश, पायांना बल व स्थैर्य, गृध्रसी आणि सिरास्नायुसंकोच यांपासून रक्षण. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे तिळाचे तेल कोमट करून तळपाय, टाच व पोटऱ्यांना लावावे. घुंगरू बांधताना ज्या श्रद्धेने नमस्कार केला जातो, त्याच श्रद्धेने घुंगरू सोडल्यावर पाय चोळावेत, असे गुरूंनीच सांगितले तर मुली ते ऐकतील.

आजारपणानंतर वा दुखापतीनंतर परतणाऱ्या विद्यार्थिनीसाठी पादांशिक क्रम वापरावा. अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार चतुर्थांशाने आणि दिवसांचे अंतर ठेवून करावा, हे तत्त्व रियाझाला तंतोतंत लागू पडते. प्रथम नेहमीच्या वेळेच्या एक चतुर्थांश, घुंगरांशिवाय, ठायीत. सोसल्यास काही दिवसांनी अर्धा. मग तीन चतुर्थांश. पाळीच्या पहिल्या दिवसांत रियाझ हलका ठेवण्याची मुभा मुलीला न मागता मिळावी.

आपले कर्तव्य

“नाच सोडून दे” हा सल्ला आपल्यापैकी अनेकजण सहजपणे देतात. तो बहुधा पाळला जात नाही. मुलगी वैद्य बदलते आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन नाचत राहते. पाळला गेलाच, तर जिच्यामुळे ती मुलगी पहाटे उठत होती, नेमाने वागत होती, ती गोष्टच आपण काढून घेतो. त्याने विषाद वाढतो, कमी होत नाही. दुसऱ्या टोकाला, कार्यक्रम चार दिवसांवर आला आहे म्हणून वेदना दाबून देणारे वैद्यही आहेत. हे दोन्ही मार्ग आम्हांला अमान्य आहेत. मात्रा ठरवून देणे हे वैद्याचे खरे काम होय; ते कठीण आहे, कारण त्यासाठी रुग्णाला वेळ द्यावा लागतो आणि गुरूंशी बोलावे लागते.

प्रेरणेविषयीही दोन शब्द. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी अतिरिक्त गुण मिळतात. त्यामुळे अनेक पालक मुलींना वर्गात टिकवून धरतात; ही सवलत स्वागतार्हच आहे. परंतु गुणांनी आलेला उत्साह निकालाबरोबर ओसरतो. परीक्षेनंतर नृत्य सोडणाऱ्या मुलींपैकी किती जणी कंटाळल्या आणि किती जणी थकल्या, हा प्रश्न गुरूंनी व पालकांनी स्वतःला विचारावा. थकलेली मुलगी विश्रांती, आहार आणि झोप मिळाल्यावर अनेकदा आपणहून पुन्हा घुंगरू मागते. कंटाळलेली मागत नाही, आणि तिलाही तो अधिकार आहे. हा भेद करून देण्याचे काम वैद्याखेरीज कोण करणार?

संघटनेच्या जिल्हा शाखांना आमची सूचना अशी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील नृत्यवर्गांशी संपर्क साधावा, आणि वर्षातून दोनदा, शिबिरापूर्वी व परीक्षेपूर्वी, विद्यार्थ्यांची तपासणी ठेवावी. व्यायामशक्ती प्रत्यक्ष तत्कार करवून पाहावी, हिमोग्लोबिन तपासावे, पाळी व झोप यांची विचारणा करावी, आणि गुरूंसमवेत बसून प्रत्येकीच्या रियाझाची मात्रा ठरवावी. यास फारसा खर्च नाही. दोन वर्षे नेमाने नोंदी ठेवल्या तर याच त्रैमासिकात त्या प्रसिद्ध करता येतील, आणि श्लोकांबरोबर स्वतःची निरीक्षणेही आपण मांडू शकू. येत्या वसंतापूर्वी निदान चार-पाच शाखांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.